पनवेललाच उतरा

गोव्याला जा, पुण्याला जा, अलिबागला जा, पनवेल लागतंच. आणि लागलं की मागेही पडतं. वडापाव, चहा, "कुणाला जायचंय का, नंतर गाडी थांबणार नाही" एवढा संवाद, आणि पुन्हा रस्ता. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना तर पनवेल म्हणजे पाण्याची बाटली घेण्याचा फलाट. या गावाला लोकांनी कायमचं वाटेतलं ठिकाण करून टाकलंय. पण त्याच्या भोवती पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत एक किल्ला, एक अभयारण्य, एका क्रांतिकारकाचं घर, माथेरानच्या पायथ्याचं हिरवंगार खोरं आणि जंगल सत्याग्रहाचं एक गाव आहे. शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी परतण्याइतक्या वेळात यातलं बरंचसं नीट बघून होतं. अट एकच, एका दिवशी एकच रस्ता धरायचा.

ही अट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. पनवेलहून फिरण्यासाठी तीन रस्ते फुटतात. दक्षिणेला गोवा महामार्गावर शिरढोण, कर्नाळा आणि तारा. पूर्वेला नेरे, वाजे, गाढेश्वर, धोदाणी. पश्चिमेला गव्हाण फाट्यावरून दिघोडे, चिरनेर. नकाशावर ही सगळी ठिकाणं हातभर अंतरावर दिसतात, म्हणून लोक सकाळी कर्नाळा, दुपारी गाढेश्वर आणि संध्याकाळी चिरनेर असा बेत आखतात. मग प्रत्येक वेळी पळस्पे फाटा किंवा पनवेलची वेस ओलांडायची, कंटेनरच्या रांगेत उभं राहायचं आणि रात्री घरी आल्यावर आठवायचे ते फक्त ट्रकचे मागचे दिवे. त्यापेक्षा एक रस्ता निवडा आणि तो पूर्ण बघा. बाकीचे दोन कुठे पळून जात नाहीत.

शनिवारची दुपार गावासाठी ठेवा. मुंबईकरांना हार्बर लाइनची लोकल सर्वांत सोयीची, सीएसएमटीहून दीड तासाच्या आत पनवेल. ठाण्याहूनही थेट गाडी आहे. स्टेशनबाहेर पडताना पूर्वेला उतरू नका, ते नवीन पनवेल. जुनं गाव पश्चिमेला आहे. रिक्षाने टपाल नाका किंवा शिवाजी चौक गाठा आणि तिथून पुढे पायीच चला. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी घातलीत तर बघणं राहील बाजूला आणि जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल.

आज हे गाव इमारतींच्या गराड्यात हरवल्यासारखं दिसतं, पण एके काळी मुंबई आणि पुण्याच्या मधलं हेच दार होतं. मुंबईहून गलबतात बसायचं, भरती साधून पनवेलच्या खाडीत उतरायचं आणि तिथून पालखी, बैलगाडी किंवा घोड्यावरून खोपोली आणि बोरघाट. गव्हर्नर जॉन माल्कम याने १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि या वाटेला आणखी बरकत आली. उतारू, माल, टपाल, सगळं पनवेलवरून. १८५२ सालीच इथे नगरपालिका आली, यावरून गावाचं वजन लक्षात यावं. मग १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेलला वळसा पडला आणि बंदराची रया गेली. खुद्द पनवेलला रेल्वे यायला पुढचं शतक उजाडावं लागलं, तेही अर्ध्याहून अधिक सरल्यावर. जुन्या आळ्यांमधून फिरताना लाकडी खांबांची, कौलारू, रस्त्याकडे ओटी असलेली घरं दिसतील, ती या बंदराच्या काळाच्या आगेमागची आहेत. दरवर्षी त्यातली काही कमी होतात. ज्यांना बघायची आहेत त्यांनी फार लांबणीवर टाकू नये.

गावातल्या दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे बेथ एल सिनेगॉग. १८४९ साली बांधलेलं हे बेने इस्रायलांचं प्रार्थनास्थळ. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल जुंपत नसत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, सगळा रायगड जिल्हा त्यात आलाय. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण प्रार्थनास्थळ आहे आणि गावात इस्रायली तलावही आहे. शनिवारी त्यांचा पवित्र वार, त्यामुळे आयत्या वेळी जाऊन दार ठोठावू नये. आत बघायचं असेल तर आधी विचारून, परवानगी घेऊनच जावं. बाहेरून इमारत बघायला कुणाची ना नाही. दुसरी गोष्ट वडाळे तलाव. पनवेल हे मुळात तलावांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशी त्यांची नावंसुद्धा एका घरातल्या भावंडांसारखी. वडाळे तलावाकाठी बल्लाळेश्वराचं देऊळ आहे, आणि संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या पनवेलकरांची गर्दी. तिथल्या बाकावर बसून आजूबाजूच्या गप्पा ऐकल्यात तर आगरी, कोकणी, घाटावरची आणि पक्की सिडकोची अशा चार तऱ्हांची मराठी एका तासात कानावर पडेल.

आयुर्वेदाची आवड असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की धूतपापेश्वर हे नाव पनवेलचं आहे. पुराणिक वैद्यांनी १८७२ मध्ये हा कारखाना इथे सुरू केला.

रात्रीचा मुक्काम शक्यतो गावातच किंवा कर्नाळ्याच्या दिशेला महामार्गालगत करा. फार्महाऊसच्या जाहिरातींना भुलून पूर्वेकडच्या खोऱ्यात राहिलात तर सकाळी कर्नाळ्याला पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असेल. आणि हा बेत उन्हाच्या आधीचाच आहे.

कर्नाळा पनवेलपासून साधारण बारा किलोमीटर. पनवेल एसटी स्टँडवरून पेणकडे जाणाऱ्या साध्या गाड्या अभयारण्याच्या दाराशी थांबतात. कंडक्टरला तिकीट काढतानाच "कर्नाळा अभयारण्य" असं स्पष्ट सांगा. स्वतःची गाडी असेल तर दाराशी वाहनतळ आहे. प्रवेशशुल्क भरावं लागतं, आणि पिशव्या तपासून प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं मोजली जातात, अनामत रक्कम ठेवावी लागते. काही जण तिथे हुज्जत घालतात. घालू नका, वर चढल्यावर या नियमाचं मोल कळतं. घरून स्टीलच्या बाटलीत पाणी नेलंत तर प्रश्नच मिटला. पाणी मात्र माणशी दोन लिटर हवंच, कारण गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिण्याच्या भरवशाचं नाही.

अभयारण्य १९६८ चं. सुरुवातीला ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, पुढे वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेलं. आकाराने इवलंसं, पण पक्ष्यांच्या बाबतीत श्रीमंत. हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत. गड चढायचा नसेल, बरोबर लहान मुलं किंवा गुडघ्यांनी संप पुकारलेली मंडळी असतील, तर त्यांना हरियालच्या वाटेवर सोडा. ती सोपी आहे आणि तिथे बसून राहिलं तरी पुष्कळ दिसतं. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक, शेपटीला दोन पिसांचे झुपके लोंबवणारा भृंगराज, झाडावर टकटक करणारे सुतार. पावसाळ्याच्या तोंडावर इथे येतो तो तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीएवढा जीव, पण जांभळा, नारिंगी, पिवळा असे रंग एकाच अंगावर. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून तो घरटं करतो. त्याच्या घरट्याजवळ कॅमेरे रोवून तासन् तास बसणारे लोक दरवर्षी दिसतात. पिल्लांना चारा भरवायला पक्षी येईनासा होतो, याचं त्यांना काही वाटत नाही. तुम्ही त्यात सामील होऊ नका. लांबून दुर्बिणीतून बघा आणि पुढे चला.

पक्ष्यांसाठी सकाळी उघडताच आत शिरायचं. नऊनंतर सहलीच्या बसेस येतात आणि मुलांच्या शिट्ट्यांपुढे शीळकरी कस्तुराचीही मात्रा चालत नाही. हमरस्ता अगदी लगत असल्याने पहिली दहा मिनिटं हॉर्न कानात घुमत राहतात, त्याने खट्टू होऊ नका. वाट उजवीकडे-डावीकडे वळत वर गेली की ते मागे राहतात.

गडाची चढण दीड ते दोन तासांची. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही. सुरुवातीला दाट झाडी, मग खडी चढण, मग कर्नाई देवीचं ठाणं, आणि शेवटी कातळातल्या पायऱ्या चढून दरवाजा. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ४४० मीटर, म्हणजे फार नाही. पण दमट हवेत घाम असा निथळतो की सह्याद्रीतले मोठमोठे गड चढलेल्यांचाही इथे दम निघतो. वर पोहोचलात की माथा चिंचोळा आहे आणि त्याच्या मधोमध तो सुळका उभा आहे, महामार्गावरून जाताना प्रत्येकाने गाडीच्या काचेतून बघितलेला. लांबून तो अंगठ्यासारखा दिसतो. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते. त्याच्या पोटाशी कातळात खोदलेल्या टाक्यांची आणि कोठारांची ओळ आहे. दगडी खांब सोडून आत कोरत गेलेल्या या कोठारांत डोकावलंत तर भर दुपारी आतून गार वाऱ्याची झुळूक येते आणि हिरव्या पाण्यावर वरच्या उजेडाची चंदेरी पट्टी हलत असते. तिथे वाकून बघा, उतरू मात्र नका. पाणी किती खोल आहे त्याचा वरून अंदाज येत नाही आणि कडा शेवाळलेल्या असतात.

आता मधमाश्यांचं. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं लटकलेली असतात, काळसर, हातभर लांबीची. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते आणि वर गेल्यावर सगळेच विसरतात. आग्या माश्यांना धूर, उग्र वास आणि गोंगाट खपत नाही. म्हणून त्या दिवशी अत्तर, सुगंधी फवारे बंद, विडी-सिगारेट बंद, शेकोटी तर दूरच. भडक कपडे घालू नका. घोषणा द्यायच्या असतील तर खाली येऊन द्या. दगड भिरकावणारा एखादा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो, त्याला पायथ्याशीच समज द्या. एवढं करूनही माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. डोकं-तोंड कपड्याने झाका आणि आलेल्या वाटेने झाडीत खाली उतरत राहा. टाक्यात उडी मारणं हा सिनेमातला उपाय आहे. आणि सुळका चढण्याचा विचार प्रशिक्षण, दोर आणि जाणता गिर्यारोहक यांच्याशिवाय मनातही आणू नये.

हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून चौफेर बघण्यात अर्धा तास घालवा. पश्चिमेला खाड्या आणि मुंबईचं बंदर, उत्तरेला प्रबळगडाचं पसरट पठार, त्यापलीकडे माथेरान, पूर्वेला माणिकगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले, त्यांत कर्नाळा, माणिकगड आणि प्रबळ म्हणजे तेव्हाचा मुरंजन असे तिन्ही होते. शाळेत तेवीस हा आकडा पाठ केलेला असतो. इथे उभं राहिलं की एका नजरेत त्यातले तीन मोजता येतात आणि केवढा मुलूख सोडावा लागला होता ते समजतं. बंदरं आणि घाट यांच्यामधल्या वाटेवर नजर ठेवणारे हे गड, त्यांची किंमत दोन्ही बाजूंना पक्की ठाऊक होती. कर्नाळा १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. मुलांना इतिहास सांगायचा असेल तर तो इथेच सांगा, खाली आल्यावर त्यांचं लक्ष आइस्क्रीमकडे असतं.

पुढे पेशवाईत गडाचे किल्लेदार होते अनंतराव फडके. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा इंग्रजांसाठी जिंकून घेतला आणि किल्लेदारी संपली. याच अनंतरावांचा नातू वासुदेव बळवंत. म्हणून आमचा आग्रह असा की आधी गड, मग शिरढोण. लोक उलटं करतात, कारण पनवेलहून जाताना शिरढोण आधी लागतं. पण आजोबांच्या हातचा गेलेला गड बघून मग नातवाच्या घरी जाण्यात जे आहे ते उलट्या क्रमात नाही.

शिरढोण गाव महामार्गाला लागूनच आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला. गावात फडक्यांचा वाडा आणि स्मारक आहे. मोठमोठे पुतळे, ध्वनिप्रकाशाचे खेळ यांची अपेक्षा ठेवून गेलात तर पाच मिनिटांत बाहेर याल. थोडी माहिती घेऊन गेलात तर वाड्याच्या ओटीवर बसून राहावंसं वाटेल. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारा हा माणूस. इकडे आई अत्यवस्थ, आणि वरिष्ठांकडून रजा वेळेवर मिळाली नाही. आईची भेट हुकली ती कायमची. तालीम लहुजी वस्तादांकडची. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेला मुलूख त्यांनी डोळ्यांनी पाहिला, आणि मग रामोशी, कोळी, धनगर साथीदार जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत बंडाला हात घातला.

या बंडाचा एक धागा थेट तुमच्या वाटेवर आहे. मे १८७९ मध्ये फडक्यांचा उजवा हात दौलतराव नाईक कोकणात उतरला आणि त्याने पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले. लूट दीड लाखाच्या घरात होती असं सांगतात. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि दौलतराव मारला गेला. तिथून बंडाची घडी विस्कटली. जुलैत फडके विजापूर जिल्ह्यात आजारी अवस्थेत पकडले गेले. पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. जन्मठेप झाली आणि रवानगी एडनला. तिथल्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच वारले. आज पळस्पे फाट्यावर आपण पियूष आणि कोथिंबीर वडीसाठी थांबतो. थांबा जरूर, फक्त एकदा मुलांना हेही सांगा की हेच ते पळस्पे.

शिरढोणला वळण्याआधी वेळ असेल तर एक वाकडी वाट सुचवतो. कर्नाळ्याच्या पुढे तीन-चार किलोमीटरवर तारा गाव आहे, तिथे युसूफ मेहेरअली सेंटर. 'क्विट इंडिया' ही घोषणा ज्यांनी सुचवली ते युसूफ मेहेरअली. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये डॉ. जी. जी. परीख आणि समाजवादी सहकाऱ्यांनी ही संस्था काढली. लाकडी घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी असे ग्रामोद्योग तिथे चालतात. मुलांना चाक फिरताना बघायला आवडतं. मोठ्यांनी तेल घ्यावं. दिवाळीच्या आधी गेलात तर पणत्याही. सोयीचा क्रम असा की गडावरून उतरलात की आधी तारा, तिथेच किंवा आसपास जेवण, मग परतीच्या वाटेवर शिरढोण. इतकं केलंत की दक्षिणेचा रस्ता झाला. त्याच दिवशी आणखी काही कोंबू नका.

ज्यांना किल्ल्यांपेक्षा शेतं, ओढे आणि डोंगर बघायचे आहेत, त्यांनी दुसरा दिवस पूर्वेच्या रस्त्याला द्यावा. नेरे गाव ओलांडलं की शहर एकदम सुटतं. नेऱ्याजवळच शांतिवन आहे, कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचं काम करणारी जुनी संस्था. त्या पुढे वाजे, मग गाढी नदीचं खोरं. माथेरानच्या डोंगरात उगवणारी ही नदी देहरंगला अडवली आहे. पनवेलच्या जुन्या गावाला पाणी येतं ते इथलं. लोक त्याला गाढेश्वर धरण म्हणतात. जुलैत हा सगळा टापू आवणीच्या गडबडीत असतो. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली किंवा आता निळं प्लास्टिक, मागे माथेरानच्या कड्यावरून कोसळणारे पांढरे धागे. रस्त्याच्या कडेला गाडी लावून बांधावर उभं राहा, पण बांधावरून खाचरात पाय टाकू नका आणि न विचारता कुणाचे फोटो काढू नका. लोक कामात असतात, देखाव्यात नाही.

धरणाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. इथे आणि आसपासच्या ओढ्यांमध्ये पावसाळ्यात माणसं बुडाली आहेत, म्हणून बहुतेक पावसाळ्यांत प्रशासन या भागात पर्यटकांना मनाईचा आदेश काढतं आणि नेऱ्याच्या पुढे पोलीस गाड्या परत पाठवतात. निघण्याआधी पनवेल तालुका पोलिसांकडे चौकशी करा. आदेश असेल तर "आम्ही फक्त बघून येतो" म्हणत अडून बसू नका, बेत बदला. आदेश नसला तरी पाण्यात उतरायचं नाही. डोंगरात वर कुठे सर कोसळली तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत चढतो. खरी मजा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आहे. गर्दी ओसरलेली, पाणी निवळलेलं, भात पिवळं पडलेलं. चालायची हौस असेल तर रस्ता संपतो त्या धोदाणी गावातून माथेरानच्या सनसेट पॉइंटला पायवाट चढते. अडीच-तीन तासांची दमदार चढण. वाडीतल्या एखाद्या ठाकर दादांना वाट दाखवायला बरोबर घ्या, ठरलेले पैसे द्या, आणि उतरताना माथेरानच्या दस्तुरीहून नेरळला गेलात तर परतीची लोकल मिळते.

याच पट्ट्यातलं सर्वांत गाजलेलं नाव कलावंतीण. ठाकूरवाडीतून प्रबळमाची आणि तिथून तो पायऱ्यांचा सुळका. त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. या सहलीत मी ते धरत नाही. एक तर तो पूर्ण दिवसाचा, चांगल्या दमाचा ट्रेक आहे, कुटुंबाबरोबर जाता जाता उरकण्याचा नव्हे. दुसरं, रविवारी त्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना वाट देताना कड्याच्या बाजूला सरकत असतात. जायचंच असेल तर मधल्या वारी, कोरड्या दिवसांत जा. प्रबळमाचीवर एक रात्र काढलीत तर आणखी चांगलं. तिथल्या घरांतून नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळतं आणि त्याचे पैसे थेट त्या घरातच राहतात.

पश्चिमेचा रस्ता अर्ध्या दिवसाचा. गव्हाण फाटा, दिघोडे, चिरनेर. वाटेत कंटेनर यार्ड लागतात आणि रस्ता कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण चिरनेरला पोहोचलं की झाडी आणि शेतं पुन्हा सुरू होतात. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या डोंगरात आगरी, कातकरी आणि इतर शेतकरी जंगलचा कायदा मोडायला जमले. सरकारी जंगलातली झाडं तोडायची, एवढाच तो सत्याग्रह. पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे, दरवर्षी त्या दिवशी तिथे मानवंदना दिली जाते. महागणपतीचं देऊळही याच गावात. माघी चतुर्थीला प्रचंड गर्दी असते, एरवी निवांत दर्शन होतं.

खाण्याबद्दल थोडं. पावसाची पहिली सर पडली की पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढे करटोली. शेवळं घेतलीत तर त्यांच्याबरोबर काकडाची फळं मागून घ्या, नाहीतर घसा खवखवेल. आणि कशी शिजवायची ते विकणाऱ्या बाईलाच विचारा, यूट्यूबपेक्षा नेमकं सांगते. डिसेंबर संपता संपता वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला गच्च. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून उडालं की झालं, असं जुनी मंडळी ओळखतात. हल्ली फार्महाऊसवाले पोपटी पार्टीचे दर लावतात आणि त्यात पनीर घालतात. पनीर नको म्हणून सांगा. ओळखीचं कुणी आगरी कुटुंब असेल तर जानेवारीतला एखादा शनिवार त्यांच्या शेतावर मागून घ्या, त्यासारखं दुसरं काही नाही.

शेवटी तारखेचा हिशेब. सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गड आणि पक्षी मनासारखे बघायचे तर डिसेंबर-जानेवारी. मार्च उजाडला की दुपारी चढू नका, मेमध्ये तर गडाचं नावच काढू नका, तेव्हा करवंदं आणि ताडगोळे खाऊन तलावाकाठी बसावं. गणपती, शिमगा आणि मेच्या सुट्टीच्या तोंडावर गोवा महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो, त्या शनिवार-रविवारी कर्नाळ्याची वाट धरू नये. स्वतःच्या गाडीने आला असाल तर रविवारी शिरढोणहून चारच्या आत निघा. पाचनंतर अलिबाग, पेण आणि गोव्याकडून मुंबईला परतणारी सगळी वाहतूक पळस्पे फाट्यावर येऊन अडते. उशीर झालाच तर गाडी पुढे न दामटता गावात शिरा, उरण नाक्याजवळ सुकी मासळी घ्या, जेवा आणि नऊनंतर निघा. लोकलने आलेल्यांना ही चिंता नाही. पनवेलहूनच गाडी सुटते, खिडकीची जागा मिळते.